एएव्ही-पीएचपी.ईबी: काळ्या उंदरांसाठी उत्तम, पांढऱ्यांसाठी निरुपयोगी

पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत लहान मेंदूतील पुर्किन्ये पेशींवर काम चालते. या पेशींमध्ये एखादे जनुक पोहोचवायचे म्हणजे पूर्वी उंदराला भूल देऊन, कवटीला भोक पाडून, केसासारख्या बारीक काचेच्या सुईने अर्धा-एक मायक्रोलिटर विषाणू आत सोडावा लागे. एवढा खटाटोप केल्यावर सुईच्या टोकाभोवतीचा मोहरीच्या दाण्याएवढा भाग उजळे आणि बाकीचा मेंदू कोराच राही. गेली तीन वर्षे आम्ही हा प्रकार जवळजवळ बंद केला असून त्याऐवजी एएव्ही-पीएचपी.ईबी हे सुधारित विषाणू-कवच वापरतो, जे शिरेतून दिले तरी मेंदूभर पोहोचते. ते मागवण्यापूर्वी मला मराठीत तर सोडाच, इंग्रजीतही कोणा वापरणाऱ्याने सरळ शब्दांत लिहिलेला अनुभव सापडला नव्हता. शोधनिबंधांत यशाची छायाचित्रे असतात, फसलेल्या खेपांची नसतात, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगायला हवे. एएव्ही (अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरस) हा विषाणू १९६५ मध्ये अ‍ॅडिनोव्हायरसच्या नमुन्यांतील भेसळ म्हणून सापडला. त्याच्यामुळे माणसाला ठळक असा कोणताही आजार होताना दिसत नाही आणि दुसऱ्या विषाणूच्या मदतीवाचून त्याला आपली वाढही करता येत नाही, त्यामुळे जनुकोपचार करणाऱ्यांना तो सोयीचा वाटला यात नवल नाही. त्याचे कवच साठ प्रथिनांचे आणि जेमतेम २५ नॅनोमीटर व्यासाचे असते, आणि त्यात सुमारे ४,७०० अक्षरांचा जनुकीय मजकूर मावतो. या मजकुराच्या दोन टोकांची प्रत्येकी १४५ अक्षरे तेवढी ठेवायची आणि मधला सगळा मजकूर काढून तिथे आपल्याला हवे ते जनुक घालायचे, ही या वाहकाची मूळ युक्ती आहे. मात्र हा वाहक कोणत्या पेशीत शिरेल हे आतल्या मजकुरावर फारसे अवलंबून नसते. पाकीट कुठे जाणार हे जसे आतल्या पत्रावरून नव्हे तर वर लिहिलेल्या पत्त्यावरून ठरते, तसे इथे ते कवचाच्या पृष्ठभागावर वर आलेल्या काही अमिनो आम्लांवरून ठरते.

निसर्गात सापडलेल्या कवचांपैकी एएव्ही-९ हे मेंदूच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरले. ते माणसाच्या ऊतींतून मिळाले आणि २००४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गुआंगपिंग गाओ आणि जेम्स विल्सन यांच्या गटाने त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे २००९ मध्ये ते रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडते हे उंदरांत दिसून आले. पाठीच्या कण्यातील चेतापेशी मारणाऱ्या एसएमए या आजारावरील झोलजेन्स्मा हे औषध याच कवचातून दिले जाते आणि अमेरिकेत त्याला मे २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी मान्यता मिळाली. परंतु एएव्ही-९ मेंदूत जाते म्हणजे त्यातला अगदी थोडा वाटा जातो, बाकीचा बहुतांश यकृतात अडकतो. प्रौढ उंदरात शिरेतून एएव्ही-९ देऊन पाहिलेल्या कोणालाही हे ठाऊक असते की चेतापेशी मोजायला हाताची बोटे पुरतात आणि यकृत मात्र दिवाळीच्या आकाशकंदिलासारखे लखलखत असते.

पीएचपी मालिका जन्मली ती याच अडचणीतून. नावातील तीन अक्षरे अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेतील चेताशास्त्रज्ञ पॉल एच. पॅटरसन यांच्या स्मरणार्थ आहेत, हे मला फार उशिरा कळले; तोपर्यंत मी ते एखाद्या रसायनाचे संक्षिप्त नाव समजत होते. बेंजामिन डेव्हरमन, विव्हियाना ग्रॅडिनारू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली कवच-निवडीची पद्धत मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते, म्हणून तिच्यावर जरा थांबते. एएव्ही-९ च्या कवच-प्रथिनात ५८८ आणि ५८९ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांच्या मधली जागा बाहेर आलेल्या एका वळशावर आहे. तिथे सात अमिनो आम्लांचा कोणताही तुकडा बसवता येतो आणि तरी कवच कोलमडत नाही. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून सातांचे तुकडे करायचे म्हटले तर १२८ कोटी जोड्या होतात. यांतले असंख्य नमुने एकाच वेळी उंदराला द्यायचे आणि मेंदूत कोण पोहोचले ते पाहायचे, एवढीच कल्पना असती तर ती जुनीच होती. अशा चाचणीत रक्तवाहिन्यांच्या भिंतींना नुसते चिकटून राहिलेले विषाणूही हाती लागतात, आणि आपण दाराशी थांबलेल्याला घरात शिरलेला समजून बसतो.

कॅल्टेकच्या गटाने या चुकीवर तोड काढली ती अशी. उंदीर असे घेतले की ज्यांच्या फक्त तारका पेशींमध्ये, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमध्ये, क्री नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते, आणि विषाणूच्या मजकुरात अशा खुणा ठेवल्या की क्री भेटले तरच त्याचा एक तुकडा उलटा फिरावा. मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया, अशा बेताने केली की उलट्या झालेल्या मजकुराच्याच प्रती निघाव्यात. ज्याने अडसर ओलांडला, पेशीत प्रवेश केला, केंद्रकात जाऊन कवच उतरवले आणि आपला मजकूर दुहेरी केला, तेवढाच या चाळणीतून खाली येतो. अशा दोन फेऱ्यांनंतर ज्या तुकड्याने बाजी मारली त्याचे वर्णन टीएलएव्हीपीएफके या सात अक्षरांत करतात, आणि ते कवच म्हणजे एएव्ही-पीएचपी.बी. शिरेतून दिल्यावर मेंदू आणि मज्जारज्जूत ते एएव्ही-९ पेक्षा किमान ४० पट जनुक पोहोचवते असे त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, या तुकड्याच्या अलीकडची दोन अमिनो आम्ले बदलून त्याच संस्थेतून पीएचपी.ईबी आले. प्रौढ उंदराला दिलेल्या १०,००० कोटी कणांच्या मात्रेत मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, ६९ टक्के आणि स्ट्रायटम या आतल्या भागातील ५५ टक्के चेतापेशींपर्यंत ते पोहोचल्याची नोंद त्या शोधनिबंधात आहे. आमच्या हातून बाह्यकात एवढा आकडा कधी आला नाही, पण लहान मेंदूत जे दिसले ते पाहता मी तक्रार करणार नाही.

मागवण्याचा अनुभव चांगला आहे. हे कवच तयार करणारे प्लाझ्मिड (जीवाणूत वाढवता येणारे डीएनएचे लहान वर्तुळ) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅडजीन या ना-नफा संग्रहातून मिळते आणि त्याचा क्रमांक १०३००५ असा आहे. विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांना ते साहित्य-हस्तांतरण करारावर दिले जाते, आणि त्याची किंमत एका बऱ्या प्रतिपिंडाच्या कुपीहून कमी पडते. आपल्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आणि कराराच्या कागदावर संचालकांची सही यांत जो वेळ जातो तेवढाच खरा विलंब. पाकिटातून येते ती करंगळीएवढी नळी. तळाशी पिवळसर आगर आणि त्यात सुईने टोचलेली जीवाणूंची धुरकट रेघ. कोरड्या बर्फाची गरज नाही, पाकीट चार दिवस टेबलावर पडून राहिले तरी बिघडत नाही, आणि एकदा प्लेटवर रेघाटून वसाहती उठल्या की हा माल आयुष्यभराचा होतो. भारतातून मागवणाऱ्यासाठी ही गोष्ट किती मोलाची आहे ते तयार विषाणू मागवणाऱ्यालाच विचारावे, आणि त्याची कथा पुढे येणारच आहे.

विषाणू घरच्या घरी तयार करणे अवघड नाही, कष्टाचे मात्र आहे. आपल्या जनुकाचे, कवचाचे आणि मदतनीस अशी तीन प्लाझ्मिडे एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये एकाच वेळी घालायची आणि पाच दिवस वाट पाहायची. इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात, ती म्हणजे तिसऱ्या दिवशी पेशींवरचे माध्यम बदलताना जुने फेकून देतात. एएव्ही-९ च्या कुळातील कवचे माध्यमात मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतात, त्यामुळे तिसऱ्या दिवसाचे आणि पाचव्या दिवसाचे माध्यम जपून ठेवावे आणि त्यातून पीईजी या रसायनाने विषाणू खाली बसवावा. नंतर येतो आयोडिक्सॅनॉल या दाट द्रवाचा जिना: १५, २५, ४० आणि ६० टक्क्यांचे चार थर एकाखाली एक, हात न हलवता, एकाच नळीत. अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये सुमारे अडीच तास फिरवल्यावर विषाणू ४० आणि ६० च्या सीमेवर जमतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो त्याच्या बराच वर, २५ आणि ४० च्या मध्ये, साईसारखा पांढरा पट्टा, आणि पहिल्यांदा करणारा विद्यार्थी आनंदाने नेमकी तिथेच सुई खुपसतो. ती पेशींच्या प्रथिनांची घाण असते. आमच्याकडे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हे सांगितले जाते आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याची सुई तरीही एकदा त्या पट्ट्याकडे वळते.

उत्पन्नाच्या बाबतीत पीएचपी.ईबी समाधानकारक आहे. १५० मिलिमीटरच्या एका प्लेटमागे सुमारे एक लाख कोटी कण मिळावेत अशी अपेक्षा ठेवता येते, आणि १०,००० कोटींची मात्रा धरली तर एका प्लेटमध्ये दहा उंदीर निघतात. अनेक सुधारित कवचे प्रयोगात चमकदार असतात पण हातात येताना मूठभरच येतात, किंवा साठवणीत एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. या कवचाच्या बाबतीत तसे काही आम्हाला अनुभवावे लागले नाही.

आता परिणामाविषयी. आम्ही डोळ्याच्या कोपऱ्यामागील शिरजालातून विषाणू देतो. उंदराला भूल दिल्यावर इन्सुलिनच्या सिरिंजने १०० मायक्रोलिटर देऊन होईपर्यंत अर्धा मिनिटही लागत नाही, आणि सरावलेल्या हाताने केले तर पंधरा मिनिटांत प्राणी पिंजऱ्यात हिंडू लागतो. शेपटीच्या शिरेतूनही देता येते, पण काळ्या उंदराची शेपटी काळपट असल्यामुळे शीर धड दिसत नाही. तीन-चार आठवड्यांनी मेंदू बाहेर काढायचा. पहिल्या खेपेला आम्ही टीडीटोमॅटो हे लाल चमकणारे प्रथिन घातले होते, आणि मेंदू बाहेर आला तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली नेण्याची गरजच उरली नाही, कारण खोलीतल्या साध्या ट्यूबलाइटखालीही तो गुलाबी दिसत होता. त्याच उंदराशेजारी ठेवलेला, विषाणू न दिलेल्या उंदराचा मेंदू नेहमीसारखा पिवळट पांढरा होता. लहान मेंदूचे काप घेतले तेव्हा पुर्किन्ये पेशी ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीचा पंखा शेवटच्या फांदीपर्यंत रंगलेला होता, आणि ही ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुटत नव्हती. सुईने टोचून काढलेल्या दहा वर्षांच्या कापांत मी असे काही पाहिले नव्हते.

त्यानंतरची खेप मात्र पूर्ण वाया गेली, आणि त्यात वस्तूचा दोष नव्हता. अ‍ॅनिमल हाउसमध्ये काळ्या उंदरांची, म्हणजे सी५७बीएल/६ या जातीची, वीण त्या महिन्यात कमी झाली होती. तिथले काका दारातूनच म्हणाले, "मॅडम, काळे संपलेत. पांढरे चालतील का?" पांढरे म्हणजे बाल्ब/सी. मी म्हणाले, "चालतील." शिवाय पांढऱ्या उंदराच्या शेपटीतली शीर लख्ख दिसते, त्यामुळे काम आणखी सोपे होईल असा हिशेबही मनात केला. चार आठवड्यांनी त्यांचे मेंदू कापले तर लहान मेंदू अंधारा, मोठा मेंदू अंधारा, कुठेतरी चुकूनमाकून एखादा ठिपका आणि यकृत मात्र ठसठशीत लाल. आम्ही आधी विषाणूच्या खेपेला दोष दिला आणि नव्याने टायटर, म्हणजे द्रवातील कणांचे प्रमाण, मोजला, तो बरोबर निघाला. मग इंजेक्शन देणाऱ्या विद्यार्थिनीवर शंका घेतली, जी तिने सहन केली, याबद्दल मला आजही वाईट वाटते. शेवटी साप्ताहिक बैठकीत एका सहकाऱ्याने छायाचित्रे पाहून एकच प्रश्न विचारला, "उंदीर कुठले होते?" आणि सगळा उलगडा झाला.

पीएचपी.बी चे गुण सी५७बीएल/६ या जातीच्या उंदरांपुरते मर्यादित असून बाल्ब/सी मध्ये ते दिसत नाहीत, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्येच प्रसिद्ध केलेले होते. मी तो शोधनिबंध वाचलाही होता, पण तो मूळ पीएचपी.बी विषयी होता आणि ईबी ही पुढची, सुधारलेली आवृत्ती असल्यामुळे तिला ती अडचण नसेल असे मी परस्पर ठरवून टाकले होते. सुधारणा झाली होती ती पोहोचण्याच्या प्रमाणात, मार्ग तोच राहिला होता. तो मार्ग २०१९ मध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एकाहून अधिक गटांनी शोधून काढला. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर एलवाय६ए नावाचे एक प्रथिन असते, ते या कवचाला धरते आणि पलीकडे नेते. बाल्ब/सी च्या एलवाय६ए मध्ये असा बदल आहे की ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर नीट रोवले जात नाही, त्यामुळे कवच दाराशी येते आणि धरणारा हात मिळत नाही. चाळणीची पद्धत किती हुशार होती हे मी वर लिहिले. पण त्या चाळणीला कवच कोणत्या दाराने आत गेले हे विचारण्याची सोय नव्हती. तिने निवडले ते त्या एका जातीच्या उंदरातील त्या एका दारासाठी निवडले, आणि निवडणाऱ्यांनाही ते तीन वर्षे ठाऊक नव्हते.

यावरून निघणारी पुढची गोष्ट उंदरांपेक्षा गंभीर आहे. माणसात आणि इतर वानरवर्गीय प्राण्यांत एलवाय६ए हे प्रथिनच नाही. मार्मोसेट आणि मकाक माकडांमध्ये पीएचपी मालिकेने एएव्ही-९ च्या तुलनेत काही मोठा फरक दाखवला नाही, आणि तसे होण्याचे कारण नंतर समजले. तेव्हा पीएचपी.ईबी हे औषधाचे कवच नाही, ते उंदरावरील संशोधनाचे साधन आहे, हे कोणीही मागवताना स्वतःला स्पष्ट सांगावे. वर्तमानपत्रांतून "मेंदूपर्यंत नेमके पोहोचणारा विषाणू" अशा मथळ्यांखाली येणाऱ्या बातम्यांत उंदराची जात सहसा नसते. ती असावी, अशी माझी विनंती आहे.

"नेमके" या शब्दाविषयीही थोडे लिहायला हवे. पीएचपी.ईबी मेंदूत जास्त जाते, पण फक्त मेंदूत जात नाही; यकृतात ते एएव्ही-९ प्रमाणेच पुष्कळ शिरते. मेंदूतही ते चेतापेशी, तारका पेशी आणि ऑलिगोडेंड्रोसाइट या सगळ्यांत जाते. मायक्रोग्लिया या मेंदूतील प्रतिकार पेशी मात्र त्याला दाद देत नाहीत, तेव्हा ज्यांचा प्रयोग त्या पेशींवर आहे त्यांनी हे कवच मागवून पैसे घालवू नयेत. म्हणून पत्त्याचा दुसरा भाग आतल्या मजकुरात लिहावा लागतो. चेतापेशींसाठी सायनॅप्सिनचा, तारका पेशींसाठी जीएफएपीचा आणि पुर्किन्ये पेशींसाठी एल७ चा प्रवर्तक (जनुक कोणत्या पेशीत चालू व्हावे हे ठरवणारा तुकडा) वापरला की विषाणू कुठेही शिरला तरी जनुक तिथेच बोलते. तिसरी तरतूद म्हणजे जनुकाच्या शेपटीला एमआयआर-१२२ या सूक्ष्म आरएनएच्या खुणा जोडणे. हा आरएनए यकृताच्या पेशींत मुबलक असतो आणि अशा खुणा असलेला संदेश तो तिथल्या तिथे मोडून टाकतो. आम्ही त्या जोडल्यापासून यकृतातला लाल रंग जवळजवळ गेला, मेंदूतला तसाच राहिला. या सगळ्यासाठी जागा मात्र ४,७०० अक्षरांतूनच काढायची आहे, आणि ज्यांना जनुक-संपादनाचे नेहमीचे कॅस९ घालायचे आहे त्यांची गाडी इथेच अडते, कारण ते एकटेच ४,१०० अक्षरांचे आहे. शिवाय एकदा विषाणू दिलेल्या प्राण्याला महिन्याभराने दुसरी मात्रा देऊन उपयोग होत नाही, कारण तोवर त्याच्या रक्तात कवचाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात.

आता तयार विषाणूविषयी. मधल्या एका काळात आमचे अल्ट्रासेंट्रिफ्यूज बंद पडले होते, म्हणून आम्ही एका परदेशी पुरवठादाराकडून याच कवचातला तयार माल मागवला. नाव लिहीत नाही, कारण चूक नेमकी कोणाची हे मला शेवटपर्यंत कळले नाही. थर्माकोलचा डबा आला तेव्हा तो शंका यावी इतका हलका होता. आत कोरडा बर्फ नव्हता, होती ती ओलसर पिशवी आणि तळाशी पाण्यासारखी पातळ झालेली कुपी. आम्ही डीएनएझ या विकराने बाहेरचा डीएनए संपवून क्यूपीसीआर या मोजणीच्या पीसीआरने मोजले तर प्रमाणपत्रावर छापलेल्या आकड्याच्या एक तृतीयांशही कण भरले नाहीत. तक्रार केल्यावर पुरवठादाराने वाहतूक कंपनीकडे बोट दाखवले, वाहतूक कंपनीने कागदपत्रांच्या विलंबाकडे, आणि कागदपत्रे तपासणाऱ्यांनी आमच्याच अर्जातल्या एका रिकाम्या रकान्याकडे. चार महिन्यांनी अर्धी रक्कम पुढच्या खरेदीत वळती करून देण्याचे पत्र आले. ते अजून माझ्या फायलीत आहे. तयार माल मागवायचाच असेल तर माझा सल्ला एवढाच की आल्या दिवशी स्वतः टायटर मोजावा, कुपीवरच्या आकड्यावर मात्रा ठरवू नये, आणि पुरवठादाराकडून रिकाम्या कवचांचे प्रमाण लेखी मागावे, कारण रिकामी कवचे काम काही करत नाहीत पण प्रतिकारशक्तीला चिथावतात.

इतकी चर्चा उंदरांची झाली, पण या वस्तूकडे लोकांचे लक्ष गेले ते उपचारांच्या आशेने. कारण आहे मात्रा. झोलजेन्स्मा बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे ११० लाख कोटी कण या हिशेबाने देतात. आम्ही उंदराला देतो ती मात्रा किलोच्या हिशेबात काढली तर त्याच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतकी भरते. मेंदूत थेट जाणारे कवच माणसासाठी मिळाले तर मात्रा खाली आणता येईल, आणि मात्रा खाली आली तर यकृतावरचा भार कमी होईल आणि तयार करण्याचा खर्चही. हा भार काल्पनिक नाही. स्नायूंच्या एका दुर्मीळ जन्मजात आजारावर एएव्ही-८ ची मोठी मात्रा दिलेल्या चाचणीत २०२० आणि २०२१ मध्ये चार मुलांचा मृत्यू झाला, आणि त्या सर्वांच्या यकृतात गंभीर बिघाड झालेला होता. झोलजेन्स्मा दिलेल्या दोन मुलांचाही २०२२ मध्ये यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात २०२१ मध्ये लोकवर्गणी करून १६ कोटींचे हे इंजेक्शन मागवल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. त्या किमतीत किती कण तयार करून शुद्ध करावे लागतात याचाही वाटा असतो, एवढे प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला नक्की दिसते.

याबाबतीत २०२४ मध्ये ब्रॉड इन्स्टिट्यूटमधील डेव्हरमन यांच्याच गटाने प्रसिद्ध केलेले काम मला पीएचपी मालिकेपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांनी आधी दार निवडले: माणसाच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांत असणारे, लोह आत नेणारे ट्रान्सफेरिन ग्राही प्रथिन. त्याला घट्ट धरणारे कवच त्यांनी नंतर निवडले आणि ज्या उंदरांमध्ये हे मानवी प्रथिन बसवलेले आहे त्यांच्यात ते मेंदूभर पोहोचते हे दाखवले. साध्या उंदरात ते तसे चालत नाही, आणि नेमके हेच त्याचे बलस्थान आहे. म्हणून यापुढे कोणाचेही नवे कवच पाहिले की मी पहिला प्रश्न ग्राही प्रथिनाचा विचारते. उत्तर आले नाही तर छायाचित्रे कितीही सुंदर असली तरी थांबते. आपल्याकडेही कवचांवर काम होत आहे. आयआयटी कानपूरने आनुवंशिक नेत्ररोगांवरील एएव्ही-आधारित तंत्र २०२२ मध्ये नवी मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसला दिले. डोळा हा तुलनेने सोपा अवयव आहे, सुई थेट जवळ नेता येते आणि मात्रा थोडी लागते, त्यामुळे सुरुवात तिथून होणे शहाणपणाचेच आहे.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. मेंदूबाहेरच्या चेतांसाठी याच मालिकेतले पीएचपी.एस घ्यावे, तेही अ‍ॅडजीनकडेच मिळते. स्नायूंसाठी २०२१ मध्ये आलेले मायोएएव्ही, डोळ्याच्या काचद्रवातून पडद्यापर्यंत जाण्यासाठी २०१३ चे ७एम८, मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरासाठी एएव्ही-बीआर१ ही नावे वाचनात येतील; त्यांपैकी फक्त पीएचपी.एस मी स्वतः वापरले आहे आणि मेरुरज्जूलगतच्या चेतागंडांमध्ये ते ठीक चालले. ज्यांना बाल्ब/सी उंदरांवरच काम करणे भाग आहे त्यांनी एएव्ही-एफ पाहावे.

पीएचपी.ईबी ला मी पाचपैकी साडेचार गुण देते. उरलेला अर्धा वस्तूसाठी कापलेला नाही, उंदराच्या जातीचा उल्लेख ठळक अक्षरांत नसलेल्या तिच्या कीर्तीसाठी कापला आहे. सी५७बीएल/६ उंदीर, स्वतःचे किंवा शेजारच्या विभागाचे अल्ट्रासेंट्रिफ्यूज आणि मेंदूच्या मोठ्या भागात एकसारखे जनुक पोहोचवण्याची गरज, या तीन गोष्टी असतील तर निःशंक मागवावे, आणि मागवताना प्लाझ्मिड मागवावे, तयार विषाणू नव्हे. आमच्या अ‍ॅनिमल हाउसच्या मागणीवहीत आता आमच्या प्रयोगशाळेच्या नावापुढे काकांनी स्वतःच्या हाताने "फक्त काळे" असे लिहून ठेवले आहे, आणि काळे नसतील त्या महिन्यात ते मला फोनही करत नाहीत.